आरोग्याचे सल्ले पुरे, आता धडे छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्य पुरवणीत दर वेळी काही ना काही सल्ला असतो. रोज चाला, साखर कमी करा, पुरेशी झोप घ्या, ताण घेऊ नका. यातले चुकीचे काहीच नाही. पण शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून माझी सगळी नोकरी मैदानावर गेली आणि निवृत्तीनंतर मी सकाळी मोठ्या माणसांचा व्यायामाचा वर्ग घेते. त्या अनुभवावरून सांगते, अशा सल्ल्यांनी वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. गणिताच्या पुस्तकात 'उदाहरणे बरोबर सोडवा' एवढेच छापले आणि रीत शिकवलीच नाही, तर मुलाने करायचे काय? आरोग्याच्या बाबतीत आपण मोठ्या माणसांना नेमके असेच वागवतो. मग त्यांना जमले नाही, की 'चिकाटीच नाही' असा शेरा मारून मोकळे होतो.

माझ्या वर्गात एक गृहस्थ येतात. रक्तातली साखर वाढलेली निघाली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितले. ते न चुकता चालू लागले. पण फोनवर बोलत, ओळखीचे कोणी भेटले की थांबत, रमतगमत. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तर आकडा जिथल्या तिथे. 'चालून काही होत नाही' असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. किती वेगाने चालायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. वेग ओळखायला कसलेही यंत्र लागत नाही. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येता कामा नये. सहज गाता येत असेल तर वेग कमी आहे आणि दोन शब्दांतच धाप लागत असेल तर तो जास्त आहे. व्यायामशास्त्रात ही कसोटी सर्रास वापरतात. ती सांगायला अर्धे मिनिट पुरते, आणि ते अर्धे मिनिट त्यांच्या वाट्याला आले नव्हते.

त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिचाच जास्त उपयोग झाला. चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि त्या ओढण्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. इन्सुलिन पुरेसे काम करत नसले तरी स्नायूंचा हा रस्ता उघडा असतो. जेवणानंतर थोडे चालले तर जेवणाने वाढणारी साखर कमी चढते, ती यामुळे. हे ऐकल्यावर ते जेवल्यानंतरही चालू लागले. मी त्यांना 'जेवल्यावर चाला' असे सांगितलेही नव्हते. शरीर कसे चालते हे कळले आणि पुढचे त्यांनी स्वतःच ठरवले. शिकणे म्हणजे मला हेच अपेक्षित आहे.

सल्ला आणि शिकवणे यांत किती फरक पडतो, याचा भक्कम पुरावा उपलब्ध आहे आणि तो आपल्या वाचकांपर्यंत पोचावा असे मला फार वाटते. अमेरिकेत झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात ३,२३४ माणसे होती. सगळ्यांची साखर सामान्यापेक्षा जास्त, पण मधुमेह म्हणावा इतकी नाही. एका गटाला मेटफॉर्मिन हे औषध दिले, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. या दोन्ही गटांना आरोग्यदायी जीवनशैलीबद्दल लेखी माहिती आणि वर्षातून एकदा वीस ते तीस मिनिटांचे मार्गदर्शनही मिळाले. म्हणजे सल्ला या दोन्ही गटांना होता. तिसऱ्या गटाला मात्र शिकवले. एकेका माणसाला समोर बसवून सोळा धड्यांचा अभ्यासक्रम. खाल्लेले कसे नोंदवायचे, आठवड्याला १५० मिनिटे हालचाल कशी जमवायची, बाहेर जेवायची वेळ आली तर काय निवडायचे, घडी मोडली तर पुन्हा कशी बसवायची. वजन निदान सात टक्के उतरवायचे, एवढे उद्दिष्ट ठेवले होते.

सरासरी पावणेतीन वर्षांनंतर काय दिसले? नुसत्या सल्ल्यावर राहिलेल्या गटाच्या तुलनेत औषधाच्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी निघाले. धडे घेतलेल्या गटात ते ५८ टक्क्यांनी कमी निघाले. औषधाचे महत्त्व मी मुळीच कमी लेखत नाही. ज्यांना ते डॉक्टरांनी दिले आहे त्यांनी ते घेतलेच पाहिजे. पण शिकवण्याने औषधापेक्षा मोठा फरक पडू शकतो, हे इतके स्पष्ट दिसल्यावरही आपण शिकवत नाही आणि पत्रके वाटून थांबतो, याचे मला मनापासून दुःख होते.

आता शाळेकडे येते, कारण ही गळती तिथूनच सुरू होते.

शाळेत पी.टी.चा तास सगळ्यांत आधी कापला जातो. पोर्शन राहिला की पी.टी.चा तास गणिताला. परीक्षा जवळ आली की पी.टी. बंद. एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांचा वर्ग मैदानावर, म्हणजे एकाच शिट्टीवर दोन-तीन वर्ग. युनेस्कोने १९७८ साली शारीरिक शिक्षण आणि खेळ यांच्या आंतरराष्ट्रीय सनदेत हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क मानला. २०१५ मध्ये ती सनद सुधारून पुन्हा स्वीकारली गेली. कागदावर हक्क आहे, वेळापत्रकात मात्र तो तास म्हणजे कुणीही उचलून न्यावी अशी मोकळी जागा आहे.

त्याहून मला जास्त सलणारी गोष्ट शिक्षेची. गृहपाठ केला नाही, काढ उठाबशा. उशिरा आलास, मार मैदानाला फेऱ्या. मी माझ्या तासाला ही शिक्षा कधी दिली नाही आणि सहकाऱ्यांनाही देऊ नका म्हणून सांगत आले. उठाबशा हा माणसाच्या शरीरासाठी असलेल्या उत्तम व्यायामांपैकी एक. खुर्चीतून उठणे, जिना चढणे, खाली पडलेली वस्तू उचलणे, सगळे त्यातच येते. तो आपण अपमानाशी बांधून टाकतो. वर्गासमोर कान धरून उठाबशा काढलेला मुलगा पुढे चाळिशीत स्वतःच्या इच्छेने त्या काढील, अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

आणि जिथे तास खरोखर होतो तिथे तो होतो कोणासाठी? संघात निवडल्या गेलेल्यांसाठी. वेगाने धावणारी दहा-बारा मुले पुढे, उरलेली कडेला बसून टाळ्या वाजवायला. फक्कीच्या रेषेबाहेर बसलेल्या त्या मुलांकडे मी कायम जास्त लक्ष दिले, कारण व्यायामाची खरी गरज त्यांनाच असते. शर्यतीत शेवटून दुसरी आलेली मुलगी त्या दिवशी एवढेच शिकते, की हे आपले क्षेत्र नाही. स्पर्धा असाव्यात, त्यात वाईट काही नाही. पण शारीरिक शिक्षणाचे काम विजेते निवडण्यापुरते नाही. प्रत्येक मुलाला स्वतःचे शरीर वापरता आणि सांभाळता यावे, हे त्याचे मुख्य काम आहे. माझ्या तासाला मी प्रत्येकाला कालच्या स्वतःशी तुलना करायला सांगत असे. गेल्या महिन्यात तू भिंतीला टेकून, गुडघे वाकवून किती वेळ थांबू शकत होतीस आणि आज किती वेळ, एवढेच वहीत लिहायचे. मागे पडणारी मुले अशा वह्या फार मन लावून लिहितात, हे मी अनेक तुकड्यांत पाहिले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ या वयातील मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोरदार हालचाल करावी. याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जगभरातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुलामुलींची हालचाल याहून कमी आढळली. मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ७८ टक्के, मुलींमध्ये ८५. मुलींचा आकडा जास्त का, हे मैदानावर उभे राहिले की कळते. पाळी सुरू झाली की चिठ्ठ्या यायला लागतात. घरून सांगितलेले असते, 'आता धावपळ नको.' कुणीतरी कपड्यांवरून बोललेले असते. शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह नसते. पाळीत व्यायाम केला तर काही बिघडत नाही, उलट पुष्कळ जणींच्या वेदना हलक्या होतात. फार त्रास होत असेल त्या दिवशी थांबावे, बाकी मनाई कसलीच नाही. हे एकदा मुलींना आणि त्यांच्या आयांना समोर बसवून सांगितले की चिठ्ठ्या कमी होतात. पण सांगायचे कुणी आणि कोणत्या तासाला?

अशा रीतीने मैदानातून बाहेर पडलेली मुले मोठी होतात आणि पुन्हा व्यायामाकडे येतात ती बहुधा तपासणीचा कागद हातात घेऊन. घाबरलेली असतात. घाबरलेला माणूस पहिल्याच आठवड्यात सगळे करायला जातो. एक बाई अशाच आल्या होत्या. व्हिडिओ बघून उड्या मारण्याचे व्यायाम सुरू केले, दोन्ही गुडघे सुजले आणि त्यांनी सगळेच सोडले. त्यांना ओळख करून द्यायला हवी होती ती मात्रेची. स्नायू, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे), सांधे यांवर सवयीपेक्षा थोडा जास्त भार आला, तर विश्रांतीच्या काळात ते स्वतःला थोडे अधिक मजबूत करतात. भार फारच कमी असेल तर काही बदल होत नाही. एकदम फार झाला तर दुखापत होते. स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना जास्त वेळ लागतो. म्हणून ताकद आल्यासारखी वाटली तरी भार हळूहळूच वाढवायचा. व्यायामाच्या साऱ्या शास्त्राचा गाभा हाच आहे, आणि तो वृत्तपत्राच्या एका रकान्यात मावतो.

मात्रेवरून आठवले, 'दिवसाला दहा हजार पावले' या आकड्याने पुष्कळ माणसांना नाउमेद केले आहे. हा आकडा काही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावातच दहा हजार पावले होती, आणि तो आकडा जगभर पसरला. पुढे त्यावर अभ्यास झाले. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साठी ओलांडलेल्यांमध्ये दिवसाला सहा ते आठ हजार पावलांच्या आसपास अकाली मृत्यूचा धोका कमी होण्याची गती मंदावलेली दिसली. जो दोन हजार पावले चालतो त्याने चार हजार केली तरी त्याचा लाभ खरा आणि मोठा असतो. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने 'हालचाल सलग दहा मिनिटे झाली तरच मोजायची' ही जुनी अटही काढून टाकली. जिना चढणे, पिशवी उचलून आणणे, घाईने चालत जाणे, सगळे मोजायचे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, अशी ती शिफारस आहे.

जिन्याचे महत्त्व तर फार पूर्वीच लक्षात आले होते. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा सतत वरखाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता. दोघे एकाच बसवर, एकाच शहरात. तोवर व्यायामाचा आणि हृदयाचा असा थेट संबंध कुणी मोजून दाखवला नव्हता. व्यायामासाठी वेगळा वेळ काढणे शक्य नसलेल्या माझ्या वर्गातल्या बायकांना मी ही हकीकत आवर्जून सांगते. दिवसभरात आपण काय उचलतो, किती वेळा चढतो-उतरतो, याला किंमत आहे हे त्यांना त्यातून पटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या सूचनांचा दुसरा भाग, स्नायू बळकट करण्याचा, तो मात्र जवळजवळ कुणालाच ठाऊक नसतो. 'मी रोज चालतो' म्हटले की काम झाले असे सगळ्यांना वाटते. तिशीनंतर स्नायू कमी होत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि एक दिवस माणसाला हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही. 'वय झाले' म्हणून सोडून दिले जाते. पण वयाला सगळाच दोष देऊ नये. १९९० मध्ये बोस्टनच्या एका अभ्यासात वृद्धांसाठीच्या संस्थेत राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. अर्थात देखरेखीखाली. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! साठीच्या माणसाने 'आता काय उपयोग' म्हटले की मी हा आकडा सांगते आणि खुर्ची पुढे ओढते.

खुर्चीपासूनच सुरुवात करावी. भिंतीला टेकवलेली, न हलणारी, हात नसलेली खुर्ची. दोन्ही हात छातीवर घ्यायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजायचे. ६० ते ६४ वयाच्या स्त्रीला बारापेक्षा कमी आणि त्याच वयाच्या पुरुषाला चौदापेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे असे समजतात. ही झाली चाचणी, आणि हाच व्यायामही. हात टेकवल्याशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवायची. जमायला लागले की उशी काढायची. मग बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश खाली यायचे. पुढे हातात पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या. एक दिवस करून एक दिवस सोडायचा. श्वास रोखून धरायचा नाही. उठताना छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे जायचे, आणि हृदयाचा त्रास किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी विचारूनच सुरू करायचे. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस हवेत, कारण पडून कंबरेचे हाड मोडले की पुढचे सगळे आयुष्य बदलते. हे इतके बारकावे कुठल्याही 'पाच सोप्या टिप्स'मध्ये मावत नाहीत. पण ते नसतील तर बाकी सगळे वाया जाते.

आजारपणानंतर घरचे लोक प्रेमाने अंथरुणावर झोपवून ठेवतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसते पडून राहायला लावले. तीस वर्षांनंतर त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांत वयामुळे त्यांची दमछाक सोसण्याची क्षमता जितकी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. आणि पन्नाशीत सहा महिने सराव केल्यावर वयाने गेलेली क्षमता परतही आली. डॉक्टरांनी उठायला परवानगी दिली की उठवावे, फिरवावे. काळजी घेण्यात तेही येते.

आहाराबद्दल तर बोलू तितके थोडे. व्यायामाबद्दल लोकांना कमी माहिती असते, आहाराबद्दल चुकीची माहिती भरपूर असते. आज एक पदार्थ अमृत, उद्या तोच विष. माझ्या वर्गात आम्ही हे सगळे बाजूला ठेवतो आणि रिकामी पाकिटे आणतो. घरात येणाऱ्या बिस्किटांची, चटपटीत खाण्याची, तयार सुपांची. चष्मे लावून सगळे मागची बारीक अक्षरे वाचतात. पहिली शिकायची गोष्ट म्हणजे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल तर पुढच्या बाजूच्या हिरव्या पानांच्या चित्राला अर्थ नाही. दुसरी, आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की 'एका वाढपा'चे, म्हणजे एका वेळी खायच्या भागाचे (सर्व्हिंगचे), ते आधी बघायचे, कारण तो वाढपा कधी कधी तीन-चार घासांचाच धरलेला असतो. तिसरी गोष्ट मिठाची. पाकिटावर बहुधा सोडियम लिहितात, मीठ नाही. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसे हा गुणाकार पहिल्यांदा करतात तेव्हा वर्ग काही क्षण गप्प होतो.

साखरेचा हिशेब मुलांना जास्त लवकर कळतो. ३३० मिलिलिटरच्या गोड पेयाच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे जवळपास नऊ चमचे. ती साखर मुलांनीच चमच्याने मोजून पारदर्शक ग्लासात घालायची. मोठ्या माणसासाठी सुद्धा अशी वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्य तर २५ च्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ग्लास बघितल्यावर मला वेगळा उपदेश करावा लागत नाही.

शिवाय हा नुसता इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, हेही शिकवायला हवे. २०१९ मध्ये अमेरिकेत वीस जणांना संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, घरच्यासारखे शिजवलेले अन्न दिले. दोन्हींत मांडलेल्या ताटातील उष्मांक, साखर, चरबी, चोथा यांचे प्रमाण सारखे राखले होते. हवे तेवढे खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत तीच माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. 'तुला तोंडावर ताबाच नाही' असे आपण जेव्हा घरातल्या कुणाला म्हणतो, तेव्हा ते अन्नच तसे बनवलेले आहे हे लक्षात घ्यावे.

एक कळकळीची विनंती शाळांना आणि पालकांना. मुलांचे वजन वर्गासमोर मोठ्याने वाचू नका. किशोरवयीन मुलींना उष्मांक मोजायला लावू नका. वाढीच्या वयात उपाशी राहण्याची आणि शरीराची लाज वाटण्याची सवय लागली तर ती सुटायला वर्षे जातात, आणि कधी कधी उपचारांचीच गरज पडते. त्याऐवजी त्यांना हे शिकवा: डाळी आणि पालेभाज्यांतले लोह आंबट फळाबरोबर खाल्ले तर शरीरात जास्त शोषले जाते, जेवणासोबत चहा घेतला तर कमी. ज्या मुलीला सतत थकवा येतो तिच्या हे थेट उपयोगाचे आहे. व्यायामाचे लाभही वजन न घटता मिळतात. रक्तदाब, साखर, झोप, मन, सगळ्यांत फरक पडतो. काट्यावर काही दिसले नाही म्हणून सोडून देणारी माणसे पाहिली की वाटते, यांना चुकीचे माप हातात दिले आहे.

झोपेबद्दल एकच सांगते. प्रौढांना निदान सात तास, किशोरांना आठ ते दहा तास. झोप अपुरी झाली की भूक लावणारे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याचा निरोप देणारे घटते, हे २००४ मध्ये तरुणांवर केलेल्या प्रयोगात मोजले गेले आहे. रात्री उशिरापर्यंत शिकवण्या लावून सकाळी मुलांच्या आहाराची चिंता करणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे.

आता आपल्याकडे मागणी. आरोग्य पुरवणीत आठवड्याला एक धडा सुरू करावा. विखुरलेली माहिती नको, क्रम हवा. आधी चालण्याचा वेग ओळखणे, मग खुर्ची, मग मात्रा कशी वाढवायची, मग पाकीट वाचणे, मग मीठ, अशी एकावर एक चढत जाणारी मालिका. प्रत्येक धड्याला आठवडाभर करायचा एकच सराव असावा आणि पुढच्या आठवड्यात वाचकांनी पाठवलेल्या अडचणींना उत्तरे मिळावीत. 'मला गुडघ्यामुळे जमले नाही', 'रात्रपाळीमुळे वेळ मिळत नाही' अशी पत्रे येतील, त्यांतूनच खरे शिकणे होईल. व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट आणि आहारासाठी प्रशिक्षित आहारतज्ज्ञ यांनी प्रत्येक धडा छापण्यापूर्वी तपासावा. आणि त्याच पानावर चमत्कारी चूर्णांच्या आणि 'पंधरा दिवसांत वजन कमी'च्या जाहिराती नसाव्यात. एका हाताने शिकवून दुसऱ्या हाताने पुसायचे, असे होऊ नये. जाहिरातींवर वृत्तपत्र चालते याची मला जाणीव आहे, म्हणून ही मागणी फक्त त्या एका पानापुरती आहे.

शाळांच्या मुख्याध्यापकांनाही आपल्या स्तंभातून विचारावे, की गेल्या महिन्यात पी.टी.चे किती तास प्रत्यक्ष झाले आणि किती दुसऱ्या विषयांना गेले. शिक्षा म्हणून व्यायाम देणे आपल्या शाळेत बंद आहे का, हेही विचारावे. उत्तरे जशीच्या तशी छापावीत.

पहिल्या काही धड्यांचा आराखडा मी लिहून ठेवला आहे. आपण कळवल्यास लगेच पाठवीन. त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका